फाशीच्या भीतीने गोळी थांबते का?

दप्तरी (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०:५०

परवा आमच्या भागात एका तरुण मुलाला भरचौकात गोळ्या घातल्या. दोघं मोटरसायकलवरून आले, तीन गोळ्या झाडल्या आणि निघून गेले. काल संध्याकाळी पारावर दुसरा विषयच नव्हता, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: दोघाचौघांना पटापट फासावर चढवा, मग बघा बंदूकबाजी कशी थांबते. मी तिथे काही बोललो नाही. घरी आलो तर झोप लागेना, म्हणून इथे लिहितोय.

मी एकतीस वर्षं सत्र न्यायालयात लघुलेखक होतो. खुनाच्या खटल्यांतल्या साक्षी टाइप करण्यात आयुष्य गेलं. फाशीचे निकाल माझ्या हातून दोनच टाइप झाले. दोन्ही उच्च न्यायालयात जन्मठेपेवर आले, आणि दोन्ही गुन्ह्यांत बंदूक नव्हती.

गोळीबाराच्या खटल्यात मुद्देमाल दाखवायची वेळ येते तेव्हा कोर्टात एकदम शांतता पसरते. कापडात शिवलेली पुडी असते, वर लाखेचं सील, पंचांच्या सह्यांचं लेबल. सील शाबूत असल्याची नोंद मी घेतो, मग कारकून टाके उसवतो. आत गावठी पिस्तूल असतं, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि प्लास्टिकच्या डबीत काडतुसांच्या एक-दोन रिकाम्या पुंगळ्या. मग पंचाला विचारतात, हे तुमच्यासमोर जप्त झालं का? तो खाली मान घालून म्हणतो, "सही माझीच आहे, पण पोलिसांनी कोऱ्या कागदावर घेतली." हे वाक्य मी किती वेळा टाइप केलं याचा हिशेब नाही. पंच फितूर जाहीर होतो. समोर बसलेल्या आरोपीचा चेहरा त्या क्षणी कसा सैल पडतो, ते मी टेबलावरून बघितलं आहे.

व्हरांड्यात आरोपींची आणि त्यांच्या नातेवाइकांची बोलणी कानावर पडायची. जामीन कधी होईल, अमुक साक्षीदार येणार का, पुढची तारीख कोणती. "फाशी होईल का हो?" असं एकतीस वर्षांत मला एकानेही विचारलं नाही. ती शक्यता त्यांच्या हिशेबातच नव्हती.

आता पुण्यातल्याच दोन घटना घ्या. १० ऑगस्ट १९८६ रोजी माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य स्वतः गाडी चालवत घरी जात होते, शेजारी पत्नी होत्या. मोटरसायकलवरून आलेल्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. सुखा आणि जिंदा या खलिस्तानवादी अतिरेक्यांना त्यासाठी फाशीची शिक्षा झाली. त्यांनी दया मागितली नाही, उलट आम्हाला दया नको असं राष्ट्रपतींना लिहून कळवलं. ९ ऑक्टोबर १९९२ च्या पहाटे येरवड्यात दोघांना फाशी दिली. म्हणजे ज्या शहरात पिस्तुलाच्या खुनाला खरोखर फाशी झाली ते हे पुणे. त्याच पुण्यात २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर फिरायला निघाले असताना दोघं मोटरसायकलवरून आले आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. पिस्तूल शोधण्यासाठी ठाण्याच्या खाडीत परदेशी पाणबुडे उतरवावे लागले. निकाल लागला १० मे २०२४ रोजी. दोघांना जन्मठेप, तिघं निर्दोष. तपासावर न्यायालयाने ताशेरे ओढले. पावणेअकरा वर्षं!

माझं म्हणणं एवढंच आहे की गोळी झाडणाऱ्याच्या डोक्यात त्या क्षणी फाशीची दोरी नसते. आपण सापडणार नाही, सापडलो तरी सुटू, हे असतं. त्याचा हा विश्वास मोडल्याशिवाय शिक्षा कितीही कडक केली तरी ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तुमचे अनुभव लिहा. कुणाचं मत वेगळं असेल तर तेही ऐकायचं आहे.

---

इंद्रायणी_७२ | सोमवार, रात्री ११:१५

मुठीला चिकटपट्टी... वाचून अंगावर काटा आला. वाचतेय.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ७:३०

दप्तरीकाका, तुमचा अनुभव मोठा आहे, पण वैद्यसाहेबांच्या मारेकऱ्यांचं उदाहरण मला मान्य नाही. ते मरायची तयारी करूनच आले होते. अतिरेकी फाशीला भीत नाही, कबूल. पण गल्लीतला गुंड काही हुतात्मा व्हायला निघालेला नसतो. त्याला जगायचं असतं, पैसा उडवायचा असतो, वाढदिवसाचे फ्लेक्स लावायचे असतात. तो मरणाला भितोच भितो.

माझा ट्रकचा धंदा आहे. एक्स्प्रेसवेवर कॅमेरे लागले त्या महिन्यापासून माझे ड्रायव्हर वेग सांभाळायला लागले. शिक्षेची भीती काम करत नाही असं कुणी सांगितलं तर मला पटणार नाही. दंड दोनशे रुपये असता तर त्यांनी पर्वा केली नसती. मग खुनाला सर्वांत मोठी शिक्षा नको का?

---

दप्तरी | मंगळवार, सकाळी ९:०५

कृष्णाकाठ, अतिरेक्यांबद्दलचा तुमचा मुद्दा बरोबर आहे. ते उदाहरण मी जरा जास्तच ताणलं.

पण कॅमेऱ्याचं तुम्हीच फार नेमकं सांगितलंत. वेगाचा दंड कॅमेऱ्याच्या आधीही होताच ना? तेव्हा ड्रायव्हर जुमानत नव्हते. कॅमेरा लागला म्हणजे शिक्षा वाढली नाही, पकडलं जाण्याची खात्री वाढली. मी हीच खात्री मागतोय. गोळीबाराच्या दहा गुन्ह्यांतले नऊ वर्षभरात शाबीत होऊ देत, मग शिक्षा जन्मठेपेची असली तरी पारावरची पोरं विचार करतील.

---

वकीलसाहेबा | मंगळवार, दुपारी १:४०

मी फौजदारी वकिली करते. आपल्याच कायद्यातली एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते, ती सांगते.

१९८८ मध्ये शस्त्र अधिनियमात कलम २७(३) घातलं. प्रतिबंधित शस्त्र वापरलं आणि त्यात कुणाचा मृत्यू झाला तर शिक्षा फाशीच. "फाशी किंवा जन्मठेप" असा पर्यायच ठेवला नव्हता, न्यायाधीशांच्या हातात काही उरत नव्हतं. प्रतिबंधित म्हणजे एके-४७ सारखी स्वयंचलित हत्यारं आणि ठरावीक बोअरची पिस्तुलं. पंजाब पेटलेला होता, त्या वातावरणात ही दुरुस्ती झाली.

हे कलम २०१२ पर्यंत पुस्तकात होतं. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका जवानाने सरकारी रायफलीतून आपल्याच लोकांवर गोळ्या झाडल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, पंजाब राज्य विरुद्ध दलबीर सिंग. १ फेब्रुवारी २०१२ रोजी न्या. गांगुली आणि न्या. खेहर यांनी कलम घटनाबाह्य ठरवलं. परिस्थिती काय होती, हेतू काय होता हे न बघता सक्तीने फाशी देणं घटनेच्या कलम १४ (समानता) आणि २१ (जगण्याचा हक्क) मध्ये बसत नाही, असं ते कारण. १९८३ मध्ये मिठू खटल्यात भारतीय दंड संहितेचं कलम ३०३ (जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर सक्तीने फाशी) याच कारणासाठी रद्द झालं होतं.

आता ती चोवीस वर्षं डोळ्यांसमोर आणा. बंदुकीच्या खुनाला इतका कडक कायदा या देशात त्याआधी नव्हता आणि नंतरही नाही. त्याच काळात मुंबईत काय चाललं होतं? १२ सप्टेंबर १९९२ रोजी जे. जे. रुग्णालयाच्या वॉर्डात शिरून एके-४७ ने गोळीबार झाला, पहाऱ्यावरचे पोलीससुद्धा मारले गेले. जानेवारी १९९७ मध्ये कामगार नेते डॉ. दत्ता सामंत, ऑगस्टमध्ये कॅसेट कंपनीचे मालक गुलशन कुमार यांना गोळ्या घालून मारलं. सक्तीच्या फाशीचं कलम कायद्यात असताना हे सगळं घडलं. १९९९ मध्ये मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा आला, त्यातही मृत्यू झाल्यास फाशीची तरतूद आहे. टोळ्या नंतर थंडावल्या, त्याला कारणं बरीच होती. पण फाशीच्या भीतीने शस्त्र खाली ठेवलं असं सांगणारा एकही अशील मला भेटलेला नाही. "मोक्का लागला तर जामीन नाही" ही भीती मात्र त्यांच्या तोंडून कायम ऐकते.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी ३:२०

ताई, माहितीबद्दल आभार, हे कलम मला खरंच ठाऊक नव्हतं. पण याचा अर्थ मी उलटा लावतो. त्या कलमाखाली प्रत्यक्ष फासावर किती गेले? कायदा कागदावर राहिला तर त्याला कोण भिणार? फाशी खरोखर दिली जाते, आणि सारखी दिली जाते, अशा ठिकाणचं सांगा. तिथेही फरक पडत नसेल तर मी विचार करीन.

---

ह्यूस्टनकर | मंगळवार, रात्री ९:१०

कृष्णाकाठ, मी नेमका अशा ठिकाणी राहतो. एकोणीस वर्षं झाली.

टेक्सासने १९८२ पासून जवळजवळ ६०० जणांना मृत्युदंड दिला आहे. अमेरिकेत दुसरं कुठलंही राज्य याच्या जवळपास नाही. आणि माझी हॅरिस काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, देशातल्या सगळ्या काउंट्यांत पहिली. इथे मृत्युदंड कागदावर नाही, हंट्सव्हिलच्या तुरुंगात तो अमलात येतो आणि त्याची बातमी इथल्या सगळ्यांना कळते.

आता मी स्वतः बघितलेलं सांगतो. मूळ पुण्याचा असल्यामुळे पार्किंगवरून होणारी भांडणं मला नवीन नाहीत. आमच्या जुन्या अपार्टमेंटच्या आवारात एका रात्री दोघांचं जागेवरून वाजलं. मी वरच्या मजल्यावर गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढत होतो. पुण्यात असतं तर आईबहिणीवरून शिव्या, फार तर कॉलर धरणं, मग वॉचमन मध्ये पडतो. इथे एकाने गाडीचं दार उघडलं, पुढच्या कप्प्यातून पिस्तूल काढलं आणि गोळी झाडली. वाद सुरू झाल्यापासून मिनिटही गेलं नसेल. नंतर तोच माणूस त्या पडलेल्या माणसाजवळ गुडघ्यांवर बसून त्याच्या पोटावर टॉवेल दाबत होता आणि मोठमोठ्याने रडत होता. रुग्णवाहिका येईपर्यंत तो तिथून हलला नाही. जखमी वाचला, म्हणून हा खून ठरला नाही. या माणसाला कुठल्या शिक्षेने अडवलं असतं, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारतोय. ते पिस्तूल त्या कप्प्यात नसतं तर तो थांबला असता, याची मात्र मला खात्री आहे.

आणखी एक. भांडणातून झालेल्या साध्या खुनाला टेक्सासमध्येही मृत्युदंड नाही. दरोड्यात खून, पोलिसाचा खून, सुपारी, लहान मुलाचा खून, एकाहून जास्त खून अशी कारणं लागतात. म्हणजे बंदुकीचे बहुतेक खून त्या शिक्षेच्या आवाक्यातच येत नाहीत. आणि दुसऱ्या बाजूने बघा, २०२१ पासून इथे पिस्तूल बाळगायला परवानाही लागत नाही. त्याच २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने जवळजवळ २१,००० खून झाले, सगळ्या देशात मिळून मृत्युदंड अमलात आले ११. त्या वर्षी सुमारे निम्म्या खुनांत कुणाला अटकच झाली नाही.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. मिशिगनमध्ये १८४७ पासून खुनाला मृत्युदंड नाही, तरी डेट्रॉइटमध्ये बंदुकीचे खून भरपूर झाले आहेत. तेव्हा फाशी काढली की शांतता नांदते, असंही मी म्हणणार नाही.

---

बाटोककर | बुधवार, सकाळी ६:४५

सिंगापूरहून लिहितोय. मी कृष्णाकाठ यांच्या बाजूचा आहे आणि माझ्याकडे त्यासाठी कारण आहे.

१९७३ च्या आसपास इथे सशस्त्र दरोडे वाढले होते. त्या वर्षी कायदा केला: इजा करण्याच्या हेतूने बंदूक चालवली की फाशी. गोळी कुणाला लागायलाही नको. सोबत असलेल्या साथीदाराने रोखायचा प्रयत्न केला नसेल तर त्यालाही फाशी. हा कायदा वापरला जातो. २००६ मध्ये एका क्लबमालकाला गोळ्या घालणाऱ्याला २००९ मध्ये फाशी झाली. आज इथे गोळीबार इतका दुर्मीळ आहे की असं एखादं प्रकरण लोकांच्या वर्षानुवर्षं लक्षात राहतं. माझी मुलगी रात्री एक वाजता एकटी मेट्रोतून घरी येते. मला याची किंमत कळते. भीती काम करत नाही, हे मी कसं मान्य करू?

---

आकडेवाली | बुधवार, सकाळी ११:३०

बाटोककर, तुमचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते. मी संख्याशास्त्र शिकवते.

सिंगापूरशी तुलना करायला सर्वांत योग्य शहर हाँगकाँग. दोन्ही दाट वस्तीची बंदरं, दोन्हीकडे ब्रिटिश कायद्याचा वारसा, दोन्ही श्रीमंत. फरक हा की हाँगकाँगमध्ये शेवटची फाशी १९६६ मध्ये झाली आणि १९९३ मध्ये ती कायद्यातूनही गेली. झिमरिंग, फॅगन आणि जॉन्सन या तिघा अभ्यासकांनी दोन्ही शहरांचे अनेक वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. नव्वदीच्या दशकात सिंगापूरमध्ये फाशीचं प्रमाण खूप वाढलं, मग खूप घटलं. खुनांचा आलेख दोन्ही शहरांत जवळजवळ एकाच चालीने खाली आला. फाशी वाढल्याचा आणि घटल्याचा ठसा त्यात दिसत नाही.

आता अमेरिकेचं. आयझॅक अर्लिक या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये हिशेब मांडला की एका फाशीमागे सुमारे आठ खून टळतात. तो गाजला, तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण त्याच्या आकड्यांतून साठच्या दशकातली शेवटची काही वर्षं काढली की परिणाम नाहीसा होतो. पुढे कुणी अठरा म्हणालं, कुणी शून्य, कुणी म्हणालं खून उलट वाढतात. २०१२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने तीसपेक्षा जास्त वर्षांचं हे सगळं काम तपासलं आणि सांगितलं की यावरून फाशीमुळे खून घटतात, वाढतात किंवा काहीच होत नाही, यांतलं काहीही म्हणता येत नाही. धोरण ठरवायला हे अभ्यास वापरू नका. कारणं मला फार महत्त्वाची वाटतात. एक तर फाशीची तुलना कशाशी करायची? जन्मठेपेशी. पण अभ्यासांत दुसऱ्या शिक्षांचा हिशेबच धरलेला नव्हता. दुसरं, फाशीची शक्यता किती आहे हे खुनी माणसाला माहीत असतं असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. दप्तरीकाकांनी व्हरांड्यात जे ऐकलं, ते याच गृहीतकाबद्दल आहे.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. त्रावणकोर संस्थानात १९४४ मध्ये फाशी बंद झाली, संस्थान भारतात आल्यावर १९५० मध्ये परत आली. फाशी नसलेल्या १९४५ ते १९५० या काळात ९६२ खून, परत आल्यावरच्या पाच वर्षांत ९६७.

---

बाटोककर | बुधवार, दुपारी १२:५०

हाँगकाँगचं पूर्ण चित्र मांडा. ऐंशी-नव्वदच्या दशकात तिथे सोनारांच्या पेढ्या लुटायला एके-४७ घेऊन टोळ्या रस्त्यावर उतरत होत्या, भररस्त्यात पोलिसांवर गोळ्या झाडत होत्या. सिंगापूरमध्ये असं झालं नाही. तुम्ही एकूण खून मोजता, मी बंदूक मोजतोय. धागा बंदुकीचा आहे.

---

आकडेवाली | बुधवार, रात्री ८:२५

मान्य, हा फरक खरा आहे आणि तो मी सोडून द्यायला नको होता. फक्त दोन गोष्टी जोडते. त्या बंदुका चीनच्या मुख्य भूमीतून यायच्या, जिथे फाशीची भीती सिंगापूरपेक्षा कमी नव्हती. आणि ते दरोडे थांबले तेव्हा हाँगकाँगने फाशी परत आणलेली नव्हती, टोळ्या पकडल्या गेल्या होत्या.

तुम्ही तिथे राहता म्हणून विचारते, सिंगापूरमध्ये सामान्य माणसाला बंदूक मिळते का?

---

बाटोककर | बुधवार, रात्री ११:००

नाही. परवानाधारक नेमबाजसुद्धा ती घरी नेऊ शकत नाही. माझा मुलगा दोन वर्षांची लष्करी सेवा करून आला. तो सांगायचा, सरावानंतर प्रत्येकाला ओरडून सांगावं लागतं की माझ्याकडे काडतूस नाही, रिकामी पुंगळी नाही. पुंगळ्या मोजतात. एक कमी पडली तर अंधार पडेपर्यंत सगळी तुकडी गवतात गुडघ्यांवर बसून शोधते.

फाशीचा वाटा किती आणि या मोजणीचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही, हे कबूल करतो. पण फाशीचा वाटा शून्य आहे, असं मी अजूनही म्हणणार नाही.

---

चोपडेकर | गुरुवार, सकाळी ८:१५

पुंगळी मोजतात हे वाचून राहवलं नाही, म्हणून पहिल्यांदाच लिहितोय.

आमच्या चोपडा तालुक्याच्या सीमेला लागून मध्य प्रदेशात बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी गाव आहे. पुण्या-मुंबईत गावठी पिस्तूल सापडलं की पुष्कळदा तपास फिरत फिरत आमच्या सातपुड्याकडे येतो. वाडवडिलांपासून लोखंडाचं काम करणारे कारागीर. हातभट्टी, कानस, ड्रिल, एवढ्यावर पिस्तूल उभं राहतं. नव्या मोटरसायकलपेक्षा स्वस्त. पोलीस येतात, भट्ट्या मोडतात, थोड्या दिवसांनी जंगलात दुसरीकडे पेटतात. त्या कारागिरांत दुसरं काम मागणारे आहेत, त्यांच्या पोरांना शिकायचं आहे, हेही लिहितो, कारण सगळं गाव गुन्हेगार असल्यासारखं बोललं जातं आणि ते चूक आहे.

माझं म्हणणं असं की पिस्तूल आमच्याकडून पुण्यात पोहोचेपर्यंत निदान चार हात बदलतं. एसटीत, ट्रकमध्ये, केळीच्या गाडीत. या चार हातांतला एकही हात खुनी नाही, त्याच्यावर फाशीचा विषयच येत नाही. तो पकडला जातो, जामिनावर सुटतो, परत तेच करतो. खून तिथे थांबवता येतो. चौकात गोळी सुटल्यावर नाही.

---

कृष्णाकाठ | गुरुवार, सकाळी ८:५०

ट्रकमध्ये. हे वाचून मला वाईट वाटलं, कारण ते खरं आहे. माझ्या धंद्यातल्या लोकांना हे माहीत असतं. माझ्या गाड्यांत काय भरलं जातं हे मी आता स्वतः बघणार आहे.

---

मीरा_ज | गुरुवार, रात्री ११:४०

तीन दिवस वाचतेय. लिहावं की नाही कळत नव्हतं.

माझ्या वडिलांना गोळी घालून मारलं. दिवसभराची रोकड घेऊन ते स्कूटरवरून घरी येत होते. सहा वर्षं झाली. डबा स्कूटरच्या हुकालाच होता, त्यात अर्धी पोळी शिल्लक होती. आई ती पोळी बघून जे बोलली ते मी इथे लिहू शकत नाही.

तुम्ही सगळे फाशीने पुढचा खून थांबतो का याबद्दल बोलताय. मला कळतं, महत्त्वाचं आहे. पण मला फाशी हवी आहे ती दुसऱ्या कुणाला भीती वाटावी म्हणून नाही. माझ्या बाबांच्या जिवाची किंमत तेवढी होती म्हणून हवी आहे. आकडेवाली ताई, तुमच्या आलेखात हे कुठे बसत नाही, आणि ते बसावं अशी माझी अपेक्षाही नाही. फक्त "फाशीचा उपयोग नाही" हे वाक्य माझ्यासारखीने वाचलं की कसं वाटतं, ते सांगावंसं वाटलं.

खटला अजून चालू आहे. दोन्ही पंच फितूर झाले, अगदी दप्तरीकाकांनी लिहिलेल्या शब्दांत. आरोपींपैकी एक जामिनावर बाहेर आहे, तो आमच्या गल्लीच्या टोकाला उभा असतो. काही बोलत नाही, नुसता उभा असतो. आता एकच डोळ्यांनी बघितलेला साक्षीदार उरलाय. तो गेल्या महिन्यात आईला म्हणाला, वहिनी, मला मुलं आहेत.

---

आकडेवाली | शुक्रवार, सकाळी ७:१०

मीरा, मी जे लिहिलं ते फक्त एका प्रश्नाचं उत्तर होतं, फाशीमुळे दुसरे खून टळतात का याचं. तुमच्या बाबांना न्याय म्हणून काय मिळावं, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर माझे आकडे काहीच बोलत नाहीत. मी ते आधीच स्पष्ट लिहायला हवं होतं.

---

दप्तरी | शुक्रवार, सकाळी ७:४५

मीरा बाळ, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. तुला फाशी का हवी यावर मी वाद घालणार नाही, मला तो अधिकार नाही. मी दुसऱ्याच गोष्टीने अस्वस्थ आहे. फाशी की जन्मठेप ही वेळ यायला आधी गुन्हा शाबीत व्हायला लागतो, आणि तुझा खटला आत्ता त्या एका माणसाच्या धैर्यावर टेकलेला आहे. तो डगमगला तर दोन्हींपैकी काहीच होणार नाही. मी असे खटले कोसळताना बघितले आहेत. साक्षीदार पिंजऱ्यात येतो, "मला काही आठवत नाही" म्हणतो, आणि दहा मिनिटांत सहा वर्षांचं काम संपतं.

वकीलसाहेबा, तुम्ही हिला काही सुचवू शकाल का?

---

वकीलसाहेबा | शुक्रवार, सकाळी १०:२०

हो. आधी एक विनंती, मीरा: साक्षीदाराबद्दल इथे आणखी काहीही लिहू नका. वरचं शेवटचं वाक्यही संपादकांना सांगून काढून घ्या.

आता उपाय. ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महेंद्र चावला प्रकरणात साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली आणि ती देशभर कायद्यासारखी लागू केली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये वेगळा कायदाही केला. योजनेप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात समिती असते: प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश, सदस्य जिल्ह्याचे पोलीस प्रमुख आणि सदस्य सचिव जिल्ह्यातले सरकारी अभियोग विभागाचे प्रमुख. अर्ज सदस्य सचिवांमार्फत द्यायचा. साक्षीदार स्वतः देऊ शकतो, त्याच्या घरचे देऊ शकतात, तपास अधिकारीही देऊ शकतो. पोलीस धोक्याचा अहवाल देतात, त्यावरून संरक्षण ठरतं: घराभोवती गस्त, कोर्टात ने-आण, साक्षीच्या वेळी आरोपी समोर दिसणार नाही अशी व्यवस्था, गरज असेल तर तात्पुरती दुसरीकडे राहण्याची सोय. तातडी असेल तर अंतरिम संरक्षणही मागता येतं. कार्यवाही गोपनीय असते.

दुसरं, गल्लीच्या टोकाला उभं राहणं. तारीख, वेळ, किती वेळ उभा होता, हे रोज वहीत लिहा. समोरच्या दुकानाला कॅमेरा असेल तर त्याचं चित्रण पुसलं जायच्या आत मागून घ्या. सरकारी वकिलांना जामीन रद्द करण्याचा अर्ज करायला सांगा. साक्षीदारावर दबाव हे त्यासाठी भक्कम कारण आहे, पण "भीती वाटते" एवढ्यावर अर्ज टिकत नाही, तारखा लागतात.

सरकारी वकिलांना मदत म्हणून तुम्हाला स्वतःचा वकीलही देता येतो. तुमचा जिल्हा मला निरोपातून कळवा. जवळ असेल तर मी येईन, फी नाही.

---

कृष्णाकाठ | शुक्रवार, दुपारी २:००

मीराताई, सुपारी घेऊन किंवा पैशासाठी गोळी घालणाऱ्याला फाशी व्हावी, या मताचा मी होतो आणि आहे. पण या चार दिवसांत मला एक कळलं. मी इतकी वर्षं शिक्षेवर भांडत होतो आणि साक्षीदाराचा विचार एकदाही केला नव्हता. दोन वर्षांपूर्वी माझ्याच एका ड्रायव्हरने रस्त्यावरची मारामारी बघितली होती. तो साक्ष द्यायला तयार होता. मी त्याला म्हणालो होतो, कशाला लफड्यात पडतोस, गाडी लोड कर.

कोर्टाच्या तारखेला गाडी लागली, सोबत माणसं लागली, तर निरोप पाठवा. ट्रक आहेत तशी एक चारचाकीही आहे.

---

मीरा_ज | शुक्रवार, रात्री ९:३०

ते वाक्य काढायला सांगितलं आहे. वकीलसाहेबा, निरोप पाठवला.

आज आईने शाळेची जुनी दोनशेपानी वही काढून दिली. पहिल्या पानावर तिने स्वतःच लिहिलं: शुक्रवार, सायंकाळी ६:१०, निळा शर्ट, वीस मिनिटं. सोमवारी आम्ही दोघी जिल्हा न्यायालयात जातोय.

दप्तरीकाका, अर्जाची भाषा तुम्ही एकदा बघाल का?

---

दप्तरी | शुक्रवार, रात्री ९:४२

पाठव. जागाच आहे.